गोठ्यावरचा सायबर फलक

मित्रांनो, मंद्रूपच्या पुढे रस्त्यालगत शेळ्यांचा एक गोठा आहे. वाऱ्याच्या बाजूने त्याला आडोसा म्हणून एक विटका फ्लेक्स बांधलेला आहे. तो जुना फ्लेक्स म्हणजे मी. छापलेली बाजू आत असल्यामुळे मला आता फक्त शेळ्या वाचतात. माझा एक कोपरा त्यांनी चघळून टाकला आहे. त्याचे मला दुःख नाही. माझे दुःख वेगळे आहे, आणि ते तुम्हालाच सांगावे असे फार दिवस मनात होते.

माझा जन्म सोलापुरातल्या एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात झाला. माझ्या आधी यंत्रातून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघाला, माझ्यानंतर कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाचा. मधे मी. माझ्यावर निळी ढाल होती, ढालीवर पिवळे कुलूप होते आणि मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'सायबर सुरक्षित भारत घडवूया'. दिल्लीहून निघालेली देशभराची मोहीम होती ती. मोबाईल कसा जपून वापरावा, कुणी फसवले किंवा छळले तर तक्रार कुठे करावी, हे गावोगावच्या लोकांना आणि मुलांना समजावून सांगायचे होते. सर्वांत खाली मदतीचा फोन नंबर होता आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'महिला व मुले नाव न सांगताही तक्रार करू शकतात'. खरे सांगतो, शाई वाळत होती तेव्हा मला माझा अभिमान वाटला. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा कुणाला काय उपयोग? मी मात्र कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतो.

दसरा झाल्यावर मला एका गावच्या शाळेत आणले. कार्यक्रम व्हरांड्यात होता. भिंत बुटकी निघाली आणि मी लांब. शिपायाने माझा खालचा भाग पट्टीभोवती गुंडाळून मागे खिळे ठोकले. फोन नंबर आणि ती बारीक ओळ मागे भिंतीला चिकटून बसली. मुख्याध्यापकांनी लांबून पाहिले आणि आता सरळ दिसतोय म्हणाले.

पांढऱ्या गाडीतून एक व्याख्याते आले. त्यांनी भराभर इंग्रजी शब्द सांगितले आणि मुलांनी ते मोठ्याने म्हटले. मग शपथ झाली. बारावीतल्या उदयसिंहच्या छातीवर 'सायबर दूत' असा बिल्ला लावला गेला. तो हुशार होता, वर्गाचा प्रतिनिधी होता, गॅदरिंगचे सगळे फोटो त्यानेच काढले होते. टाळ्या झाल्या. कुणाला काही शंका आहे का, असे व्याख्यात्यांनी विचारले. बोलता बोलता ते खुर्चीवरची शाल आवरत होते.

मुलींच्या रांगेतून एक हात वर आला. ती वैष्णवी. चन्नप्पा नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, तीही बारावीतली. उभी राहिली तेव्हा तिच्या ओढणीचे टोक तिच्या बोटांत पिळले जात होते.

"सर, कुणी आपल्या फोटोतलं तोंड काढून दुसऱ्याच अंगाला लावलं, आणि ते पाठवत सुटलं, तर आपण काय करायचं?"

मुलांच्या बाजूने हसू फुटले. व्याख्यात्यांनी घड्याळ पाहिले.

"मुलींनी फोटो टाकायचेच कशाला मग?" ते म्हणाले.

आता हसू मोठे झाले. वैष्णवी खाली बसली. लगेच सगळ्यांना माझ्यासमोर उभे करून फोटो काढला गेला. पुढे तो वर पाठवला आणि शाळेला 'सायबर सुरक्षित शाळा' असे प्रमाणपत्रही आले. ते चौकटीत बसवून माझ्या शेजारीच टांगले.

कार्यक्रमाच्याच दिवशी मधल्या सुट्टीत वैष्णवी आणि तिची मैत्रीण नाजनीन माझ्याखाली येऊन बसल्या. तेव्हा मला सगळे समजले. ती विचारत होती ते तिच्यावरच गुदरले होते. तिने फोटो कुठे टाकलाच नव्हता. गॅदरिंगमधल्या नाचाच्या फोटोवरून कुणीतरी तिचा चेहरा उचलला होता आणि नको तशा चित्राला चिकटवून एका ग्रुपवर टाकला होता. ती रडत नव्हती. अप्पांना, म्हणजे वडिलांना, कळायच्या आत हे थांबायला पाहिजे, एवढेच परत परत म्हणत होती.

नाजनीन उठली. असल्या फलकावर नंबर नसेल असे होणारच नाही, असे म्हणत तिने माझी खालची पट्टी ओढली. एक खिळा निघाला, मी थोडा फाटलो, आणि नंबर उजेडात आला. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी ज्यासाठी छापला गेलो होतो ते काम तेवढे एकदाच केले.

नाजनीनचा भाऊ एजाज मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याच्या फोनवरून त्यांनी त्या नंबरावर तक्रार नोंदवली. फोनवरच्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, असे नाजनीन दुसऱ्या दिवशी सांगत होती. पुढे ती चित्रे ग्रुपवरून काढली गेलीही. पण तोवर ती गावातल्या कितीतरी हातांतून फिरली होती. आठवडी बाजारात कुणीतरी आपला मोबाईल चन्नप्पांच्या पुढे धरला.

त्यानंतर वैष्णवी शाळेत आली नाही. तिचा मोबाईल काढून घेतला आणि तिला दुधनीला आत्याकडे ठेवले, एवढेच नाजनीनला कळले. ती दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली, पण चन्नप्पांनी तिला दारातूनच परत पाठवले. मुख्याध्यापकांनीही तिला बोलावून समजावले की शाळेला नुकतेच प्रमाणपत्र मिळाले आहे, आता हा विषय वाढवू नये. हे बोलणे माझ्यासमोरच झाले. नाजनीन माझ्याकडे पाहत राहिली आणि मला लपायला जागा नव्हती.

बारावीची परीक्षा झाली, निकाल लागला. जूनमध्ये मोहिमेचा नवा फ्लेक्स आला. त्याच्यावरची ढाल केशरी होती. मला उतरवून मोडक्या बाकांच्या ढिगावर टाकले.

त्याच दिवशी चन्नप्पा शाळेत आले. वैष्णवीचा दाखला काढायला आले होते. कचेरीतून बाहेर पडताना त्यांना मी दिसलो. गोठ्याला आडोसा पाहिजे होता, म्हणून त्यांनी शिपायाला विचारून मला उचलले. दाखला त्यांच्या खिशात होता आणि मी मोटरसायकलला मागे बांधलेला. माझ्यावर काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले नाही. दोरी बांधायला भोके कुठे आहेत, तेवढे पाहिले.

पावसाळा संपता संपता नाजनीन गोठ्यापाशी आली. या वेळी ती दारात गेलीच नाही. चन्नप्पा शेळ्यांना पाला टाकत होते आणि त्यांची बायको सिद्धेश्वरी धार काढत होती. सोलापूरच्या पोलिसांनी तिला आणि एजाजला बोलावून घेतले होते, तिथे काय कळले ते सांगायला ती आली होती.

"काका, वैष्णवीनं कायबी केलं न्हवतं," ती म्हणाली. "फोटो गॅदरिंगमधला हाय. उदयसिंहनं तिचं तोंड काढून लावलं आन् पसरवलं. पोलिसांना त्याच्या मोबाईलमधी सगळं सापडलं."

चन्नप्पांच्या हातातला पाला तसाच राहिला. त्यांनी उदयसिंह कुठे असतो, असे विचारले. तो पुण्याला शिकायला गेला आहे, गुन्हा केला तेव्हा तो अठराच्या आत होता म्हणून त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे, हळूहळू चालेल, असे तिने सांगितले. वैष्णवीचे शिक्षण मात्र त्या प्रकरणाच्या आधीच संपले होते. ते तिने सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी चन्नप्पा धुतलेला सदरा घालून दुधनीला गेले. मुलीला घेऊन येतो, असे सांगून गेले होते. सिद्धेश्वरीने तिच्यासाठी शेंगा भाजून ठेवल्या. संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज आला. मागची सीट रिकामी होती.

ते घरात गेले नाहीत. गोठ्यात येऊन उकिडवे बसले. सिद्धेश्वरी मागोमाग आली. आत्याच्या दुकानात वैष्णवी शिवणाचे काम करते, त्यांना पाहून तिने पाणी दिले, जेवायला वाढले, वावरात पेरणी झाली का तेही विचारले, असे ते सांगत राहिले. सिद्धेश्वरीने विचारले, मग आली का नाही?

"म्हनली, अप्पा, गावानं दाखवलेलं तुमी बघितलंत," चन्नप्पा म्हणाले. "मला एकदाबी इचारलं न्हाय, खरं काय हाय म्हनून. आता माझं हितंच बरं हाय."

सिद्धेश्वरी मला टेकून उभी होती. तिचा सगळा भार माझ्यावर आला.

"मी तरी कुटं इचारलं," ती म्हणाली.

शेळ्या ओरडत होत्या, त्यांना त्या दिवशी पाला उशिरा मिळाला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या गोष्टी ऐकल्या की शेवटी आम्हाला जपा, फेकू नका, अशी विनंती असते. माझी तशी काही विनंती नाही. मी प्लास्टिकचा आहे, मला कुजायलाही फार वर्षे लागतील. माझ्यासारखे फ्लेक्स अजून पुष्कळ छापले जातील, त्यांच्यासमोर फोटोही निघतील. तुमच्या शाळेत असा फलक लागला तर तो खालपर्यंत वाचा आणि नंबर पाठ करा. त्याने मदत मिळते, हे मी पाहिले आहे. पण तो नंबर जिला लागणार असतो, ती मैत्रीण अगोदर तुमच्या वर्गातच बसलेली असते. ती एखाद्या दिवशी उभी राहील, तिला प्रश्न नीट विचारता येणार नाही. त्या वेळी बाकीचे हसले, तरी तुम्ही हसू नका. घरी मोठी माणसे असतील, त्यांनाही सांगा की मोबाईलमध्ये काय दिसते ते नंतर पाहा, आधी मुलीला विचारा. वैष्णवीला कुणी विचारले नाही. ती आता दुधनीत दुसऱ्यांचे कपडे शिवते आणि तिची आई रोज संध्याकाळी या गोठ्यात थोडा वेळ नुसतीच उभी राहते.