पिवळ्या प्रभेची पुडी

देवासकडच्या पीपलरावां गावात प्रभानाथ महाराजांच्या मांडवात मंगळवारी मुंगीला शिरायला जागा नसायची. कुणाची छाती धडधडते, कुणाचा जीव घाबरा होतो, कुणाला झोप नाही. महाराज प्रत्येकाच्या हातावर राखेच्या सात पुड्या ठेवत आणि मालवी बोलीत दटावत, "रोज एक पुड़ी दूध में लीजो. डॉक्टर पूछे तो चुप रीजो. बोल्या ने असर गयो!"

आणि असर व्हायचा हो! नुसती राख असती तर किती बरं झालं असतं. आठ दिवसांत धडधड थांबायची. काही भाग्यवंतांना तर समईच्या ज्योतीभोवती पिवळं वलय दिसू लागायचं. महाराज त्याला देवीची 'पीली प्रभा' म्हणत. जिला वा ज्याला ती दिसे, त्याला थेट पहिल्या रांगेत पाट.

"बोलो जगदेवराव, जोत कैसी दिखे?"

"पिवळी, महाराज. चहूबाजूंनी पिवळी."

मांडव जयजयकारानं दणाणला. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी राजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एकटी ईशानी तेवढी जगदेवरावांकडे निरखून बघत होती.

ईशानी ही जगदेवरावांची पुतणी. आईबाप लहानपणीच गेले. देवासच्या घरी काका-काकींनीच तिला वाढवलं. आता ती पीथमपूरच्या औषध कारखान्यात गोळ्या तपासायची आणि सुट्टीला घरी यायची. काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत, म्हणून डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी डिगॉक्सिनची चिमुकली गोळी सुरू केली होती. ते सगळं तिला ठाऊक होतं. या वेळी मात्र काका तिला वाळलेले दिसले.

"भात पुढे आला की उमळून येतं गं," ते घरी म्हणाले. "दूधसुद्धा पिवळं दिसतं."

"डॉक्टरांना पुडीचं सांगितलंत, काकासाहेब?"

"शब्द दिलाय, बेटा. आणि अंगारा म्हणजे काय औषध आहे?"

शब्द म्हटल्यावर संपलंच. देवासच्या राजवाड्याच्या चाकरीत पिढ्या गेलेलं घराणं. चाकरी गेली, पीळ राहिला.

ईशानीनं पहिल्या रांगेतल्या तिघांना फोन करून विचारलं, "भिया, आपण गोळी कोणती घेता?" तिघंही तीच चिमुकली गोळी घेत होते. मागच्या रांगांतल्या काहींनाही विचारलं. त्यांच्यात ती कुणीच घेत नव्हतं, आणि तिथे प्रभाही कुणाला दिसत नव्हती. देवीला नेमके डिगॉक्सिनवालेच भक्त कसे काय आवडावेत?

"काकीसाहेब, पुडी बंद करा. आजच."

"चाळीस दिवसांचा नेम आहे, ईशा. अकरा उरलेत. मोडू कशी?"

ईशानीला वाटलं, कागद हातात असला की ऐकतील. या घरात शिक्क्याच्या कागदाला मान होता. ती एक पुडी घेऊन पीथमपूरला गेली, ती तपासून घ्यायला कारखान्याच्या साहेबांच्या हातापाया पडली आणि गुरुवारी दुपारी तिला उत्तर मिळालं. राखेत वेरापामिल होतं. हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या कुटून घातल्या होत्या.

तिनं तिथूनच फोन लावला. काका सकाळीच न्हाणीघरात कोसळले होते.

दवाखान्यात नाडी तीसवर आली होती. "आणखी काही औषध घेतात का?" असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं, आणि राजाबाईंनी दोन्ही वेळा मान हलवली, नाही. ईशानी कागद घेऊन धावत पोहोचली तेव्हा फार उशीर झाला होता. संध्याकाळी काका गेले.

"वेरापामिलनं धडधड थांबते, हे खरं," डॉक्टर हताशपणे म्हणाले. "पण ते डिगॉक्सिनला शरीराबाहेर पडू देत नाही. ते रक्तात साचत जातं. मग अन्न नकोसं होतं, दिव्याभोवती पिवळं दिसतं. शिवाय दोन्ही मिळून ठोके मंदावतात. पण एका पुडीत इतकं?"

"एक कुठली?" राजाबाई म्हणाल्या. "माझीही मी त्यांच्याच दुधात घालत होते. आपल्याकडे बायकोचा प्रसाद नवऱ्याच्या पानात वाढतात. तेवढंच आयुष्य वाढतं, सासूबाई सांगायच्या." मग त्यांनी ईशानीचा हात घट्ट धरला. "सच्ची सांग. माझ्या पुडीनं गेले का?"

खोटं बोलावं असं ईशानीला फार वाटलं. ज्या बाईनं आपल्याला घास भरवले तिला हे कसं सांगायचं? तिला रडू फुटलं. "मीसुद्धा कागदाची वाट बघत बसले, काकीसाहेब. त्याच दिवशी डॉक्टरांना का नाही सांगितलं मी?"

राजाबाईंना उत्तर मिळालं. त्यांनी तिचा हात हळूच सोडला.

तेरावं झाल्यावरच्या मंगळवारी त्या स्वतः ईशानीबरोबर पीपलरावांच्या गाडीत बसल्या. ईशानीनं औषध निरीक्षकांकडे तक्रार केलीच होती. पण पुड्या अजून वाटल्याच जात होत्या. भर मांडवात तिनं कागद वाचून दाखवला. महाराज हसले. "कागज में देवी दिखे कई?"

लोकही हसले. हसला नाही तो महाराजांचा चेला फत्तेसिंग. त्याची आई गेल्याच आठवड्यात पहिल्या रांगेत आली होती. जेवण टाकलं होतं तिनं. तो उठला आणि त्यानं आईच्या हातातली पुडी ओढून घेतली.

"इंदूरहून गोळ्या मीच आणतो," तो राजाबाईंना म्हणाला. "खलबत्त्यात कुटतोही मीच. यानं असं होतं हे मला माहीत नव्हतं, बाई."

महाराजांनी हात वर केला. "अरे, समय आयो तो कुण रोके? जगदेवराव को बखत आ गयो थो."

तेव्हा राजाबाई उभ्या राहिल्या.

"डॉक्टरांची गोळी आपल्या मनानं सोडू नका," त्या लोकांना म्हणाल्या, "आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. अंगारा असो, काढा असो, प्रसाद असो, पोटात जाईल ते सगळं सांगा. शपथ घातली असेल तर मोडा. देव रागावत नाही. मी शपथ पाळली."

मग त्या महाराजांकडे वळल्या.

"त्यांची वेळ आली नव्हती, महाराज. ती आपण आणलीत. आपण कुटलंत, आणि मी रोज दुधात घालून दिलं."