खालची पायरी

भोंगा वाजला आणि अख्खं गाव हसत-खिदळत महादेवाच्या टेकडीवर पळालं. पुराची तालीम होती, खरा पूर थोडाच! बुऱ्हाणपूरहून आलेल्या संस्थेच्या मृणाल मॅडम वरून हाका मारत होत्या, "चला, सगळे देवळाच्या सभामंडपात!" सगळे गेले. प्रतिभा तेवढी खालच्या पायरीशी थांबली.

"चाल ना वं पोरी!" तिची आजी धुरपदाबाई वरून ओरडली. पोर जागची हलेना. मग म्हातारी गुडघे धरत खाली उतरली.

"काय झालं?"

"मले अडचण हाय, आजी. सकाळपासून." पोरीची पहिलीच वेळ. "मी इथंच बसते. आई पण इथंच बसली होती ना?"

गेल्या सालच्या पुरात धुरपदाबाईची सून भूमिका, म्हणजे प्रतिभाची आई, अशीच खाली राहिली होती. तापी चढत होती, गाव देवळात, आणि विटाळाची म्हणून ती पायरीवर. तिला कुणी हाकललं नव्हतं. पण वर ये, असंही कुणी म्हटलं नाही. "पाणी इथवर येत नाही," म्हणत ती पदर खोचून बसली. पाणी आलं. उतरलं तेव्हा पायरी तेवढी होती.

"काय चाललंय खाली?" पुजारी विनायकनं विचारलं.

"पोरीले अडचण हाय!" म्हातारीनं गावभर ऐकू जाईल असं सांगितलं. प्रतिभानं ओढणीत तोंड लपवलं.

"मग बसू दे ना तिले तिथंच," शेजारचा सुकलाल म्हणाला. "तालीमच तर हाय."

"हो रे बाप्पा, तालीमच हाय! म्हणूनच शिकवून ठेव तिले आत्तापासून, कुठं मरायचं ते!"

सुकलालनं मान खाली घातली. म्हातारीनं नातीचा हात धरला.

"देव कोपंल, आजी."

"कोपू दे मेला. एक नेली त्यानं. दुसरी मी देत नाही."

दोघी वर चढल्या. मंडपात बायका सरकून बसल्या. जागा दिली की अंग चोरलं, देवालाच ठाऊक. प्रतिभा खांबाला टेकून बसली आणि हळूच म्हणाली,

"आजी, मग आईले का नाही आणलं असं?"

भोंगा थांबला, लोक टेकडी उतरायला लागले, तरी म्हातारीनं पोरीचा हात सोडला नाही.