सुक्या कचऱ्यात गेलेलं घरटं

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. पत्र्याच्या रिकाम्या खोक्याचं ऐकतो कोण? पण परवाच्या सकाळपासून आतल्या आत नुसता खणखणतोय. सांगितलं नाही तर फुटेन.

तर मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. इंदूरला, छत्रीबागेत, कुमुदिनीताईंच्या ओट्यावर, फाटकाला लागून उभा आहे.

पत्रा कापून, रिबिटा ठोकून मला बनवलं. अठरा उन्हाळे काम केलं मी. पाहुणे यायचे, शर्टाची वरची बटणं उघडून माझ्यासमोर बसायचे आणि इंदुरी ढंगात म्हणायचे, "भिया, ह्याला म्हणतात हवा!" ताईंचा विक्रांत लहान होता तेव्हा माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽ" करायचा. आवाज थरथरत परत आला की खुदखुदायचा.

मग एसी आला. माझी मोटर काढली, पंप काढला, पंखा भंगारवाल्याला दिला. एका बाजूची गवताची जाळी तेवढी राहिली. दोन वर्षं माझ्यात जुन्या चपला-छत्र्या पडून होत्या. ठीक आहे. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती नंतर कधी.

विक्रांत आता मोठा झालाय, सियागंजला हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. महिन्याभरापूर्वी तो एक पांढरा ससा घेऊन आला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "पक्का नर है भिया, गारंटी!" त्याच्याकडे एकाच पिंजऱ्यात आठ-दहा ससे कोंबलेले होते. कोण नर, कोण मादी, कोणी पाहिलं? विक्रांतनेही नाही पाहिलं. नाव ठेवलं सरदार. आणि सरदारला घर म्हणून मला धुऊन-पुसून दिलं. त्या दिवशी मी किती खूश होतो, विचारू नका. कोणीतरी राहायला आलं होतं माझ्यात!

सरदार माझ्या कोपऱ्यात अंग टेकून बसायचा. मित्र झालो आम्ही. हळूहळू त्याचं पोट वाढायला लागलं.

"सेव खाऊन फुगलाय," कुमुदिनीताई म्हणाल्या. "तूच घालतोस सकाळ-संध्याकाळ."

"आई, इंदूरचा ससा आहे, सेव नाही खाणार तर काय?"

"उद्यापासून अर्धं गाजर. बस्स. डायटिंग."

अर्धं गाजर! पोटात पोरं, आणि अर्धं गाजर! माझ्या पत्र्याला आतून त्या हालचाली लागत होत्या हो. सरदार टेकून बसला की बारीक बारीक धक्के. मला सगळं कळत होतं. सांगणार कसा? मोटर असती तर घरघर तरी केली असती.

मग सरदार चिडका झाला. म्हणजे झाली. पाय आपटायची, विक्रांतच्या बोटाला चावली. एका दुपारी तिने माझ्या जाळीतलं गवत उपटायला सुरुवात केली. तोंडात भरून न्यायची, कोपऱ्यात रचायची. त्यावर स्वतःच्या पोटावरचे केस तोडून अंथरायची. इतकं मऊ, गोल घरटं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आता ऐका. आमच्या शहरात सकाळी कचऱ्याची गाडी येते, गाणं वाजवत. ओला वेगळा, सुका वेगळा. ह्या बाबतीत कुमुदिनीताई इतक्या कडक आहेत की पाहुण्यांनासुद्धा चहाची गाळणी कुठे झटकायची ते शिकवतात. त्या घरात घाण टिकेल का? सकाळीच त्यांची नजर पडली.

"विक्रांत, बघ काय करून राहिलाय तुझा सरदार! केस-गवत, सगळा पसारा."

"खाज झाली असेल, आई. आंघोळ घालू त्याला रविवारी."

"आधी ते काढ. गाडी आली बघ."

"केस ओल्यात की सुक्यात?"

"सुक्यात रे! एवढं पण नाही कळत?"

गेलं घरटं. सुक्या बादलीत.

सरदार काही वेळ रिकाम्या कोपऱ्यात नाक घालून बसली. आणि मग उठली. पुन्हा गवत, पुन्हा केस. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडू. विक्रांतचा हात आत आला तेव्हा मी माझी कापलेली कड पुढे असू दिली. त्याला ओरखडा आला. "भंगार साला," म्हणाला आणि मला लाथ घातली. घरटं गेलं ते गेलंच.

परवा सकाळी, उजाडता उजाडता, तिसऱ्या घरट्यात तिने पिल्लं घातली. सहा. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. त्यांना चाटून, दूध पाजून, वर केस पांघरून ती दुसऱ्या बाजूला जाऊन पडली. सशाच्या माद्या असंच करतात, पिल्लांवर बसून राहत नाहीत.

साडेसातला गाणं वाजलं. विक्रांत घाईत आला. मोबाइल खांद्यात दाबलेला, दुकानातून फोन. "हाँ भिया, निकल रहा हूँ, बस दस मिनट." न बघता सुपलीत सगळं ओढलं. सरदारने पाय आपटले. धाड, धाड. "गप रे," तो म्हणाला. बादली भरली. फाटक उघडलं.

मी तिथेच उभा. चार पायांवर. अठरा उन्हाळे ज्याला गार झोपवलं त्याच्या हातात माझ्या मैत्रिणीची पोरं होती, आणि मी एक शब्द काढू शकत नव्हतो.

गाडीवर प्रियंका असते. बादलीत डोकावल्याशिवाय ती काही घेत नाही. ती डोकावली.

"भिया, सूखे में गीला डाल दिया आपने."

"अरे बाल हैं, घास है. सूखा ही है."

"गीला है. लाल-लाल कुछ दिख रहा." तिने हातमोज्याने केस बाजूला केले आणि किंचाळली, "अरे, ये तो हिल रहा है! भाभीजी! बाहर आओ!"

कुमुदिनीताई धावत आल्या. बादलीत बघितलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. "सुका, सुका करत मीच..."

विक्रांतने सुमेधाला व्हिडिओ कॉल लावला. सुमेधा, शेजारच्यांची मुलगी, महूला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते.

"कॅमेरा आत धर," ती म्हणाली. "अरे गाढवा, ही मादी आहे."

"पण गारंटी दिली होती."

"गारंटी मिक्सरची असते, सशाची नाही. केस टाकले का तू?"

"तीन दिवस टाकतोय."

"वा! शाबास! आता पिल्लं सरळ घरटं होतं तिथे ठेव. कोरडं, साफ गवत आण. कापूस नको, पायात गुंततो. आणि तिला पोटभर हिरवं गवत दे, सेव बंद."

"कूलरचं गवत आहे ना."

"धूळ भरलीये त्यात. नको."

लागलं मला ते. पण बरोबर होतं.

पाच वाचली, मित्रांनो. सहावं हाताच्या उबेनेही हललं नाही. विक्रांतने ते बराच वेळ ओंजळीत धरलं. त्या दिवशी तो दुकानात गेला नाही.

म्हणून, हात नाहीत तर पाय जोडतो, माझे चारही. जनावर आणलंत तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. ते गोळा करतं, उपटतं, चावतं, तेव्हा झाडू उचलण्याआधी खाली बसून बघा. ते काहीतरी सांगत असतं. माझ्यासारखं मुकं नसतं ते. ऐकणारं कोणी नसतं.

आता सरदार माझ्या कोपऱ्यात टेकून बसलीये. पिल्लांचे डोळे उघडायला अजून आठ-दहा दिवस लागतील. सरदार, एक सांगतो, कोणाला बोलू नको. माझा मागचा डावा पाय गंजून पापडासारखा झालाय. पण तुझं शेवटचं पोर स्वतःच्या पायांनी उडी मारून बाहेर पडेपर्यंत मी वाकणार नाही. वचन.