पितळेची पट्टी

पट्टी पितळेची, आईच्या चरख्याच्या आऱ्यावर ठोकलेली, बोटभर लांब, दोन्ही टोकांना दोन-दोन बारीक खिळे — आणि चारही खिळ्यांची डोकी अशी एका रेषेत बसलेली, की हे काम करणाऱ्याचा हात त्या सकाळी जराही थरथरत नव्हता, हे आंधळ्यालाही चाचपून कळावं. थरथरायचं कारणच काय? आदल्या संध्याकाळी जे करायचं ते करून झालं होतं, मग जेवण झालं होतं, तेही दुसऱ्यांदा वाढून घेऊन.

"ताई, बघ ना, जशीच्या तशी आहे," धाकटा म्हणाला. "बाबांनी स्वतः ठोकली. मला आठवतं."

त्याला आठवणारच. तो तेव्हा तीन वर्षांचा. बाबांनी त्याला मांडीवर घेतलं होतं, खिळे त्याच्या मुठीत धरायला दिले होते आणि एकेक मागून घेतला होता. त्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवसाची सकाळ आली, माझ्या वाट्याला आदली संध्याकाळ. वाटणीच म्हणायची तर चोख निम्मी-निम्मी, कुणी तक्रार करायला जागा नाही.

संग्रहालय म्हणजे एक लांबट दालन आणि त्याला चिकटलेली एक बोळवजा खोली. एकतीस चरखे. उभ्या चाकाचे, आडव्या पेटीतले, पायाने चालवायचे. एक तर इतका उंच, की तो फिरवणारी दिवसाला कोसभर चालत असेल, जागच्या जागी. आत शिरताशिरताच ताईने ते मोजले होते. सूतगिरणीत अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचं सूत तपासून नापास करण्यात गेलेली. खात्यातल्या पोरी पाठीमागे तिला ‘कैची’ म्हणतात, हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. कैचीने मोजलं : एकतीस. त्यांतल्या एकोणीस चाकांच्या आऱ्यांमधून बाईचं मनगट सहज आत जातं. इतर बारांत अडकतं. असं मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं... पण डोळे एकदा लागले की लागले.

संग्रहालयाच्या बाई किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आल्या. कामावर आणि पाहुण्यांवर सारख्याच खूश दिसणाऱ्या बाई. त्यांनी आईच्या चरख्यापुढची दोरी सोडली — "तुम्ही घरचेच, तुम्हाला कसली दोरी?" — आणि कार्ड दाखवलं. डावखुऱ्या कारागिरासाठी खास घडवलेला. दुर्मीळ. सुताचा पीळ उलटा.

"तुमच्या आई डावखुऱ्या होत्या ना?"

"हो तर," धाकटा म्हणाला.

आई डावखुरी नव्हती. आईला डावखुरं करण्यात आलं. उजवं मनगट सांधलं ते वाकडं सांधलं, चाकाची मूठ त्या हातात धरवेना, म्हणून दोन महिन्यांनी ती चरख्याच्या पलीकडून बसायला लागली — डाव्या हाताने चाक, उजव्या हाताने धागा, सगळं उलटं, पीळसुद्धा. शेजारपाजारी सांगितलं, नळावर पाय घसरला. चरख्याचा आरा दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झाला. मनगट कुणाला दाखवायला म्हणून नेलं नाही. लाकडाची काळजी घेणारा माणूस होता तो... तेल द्यायचा, फडक्याने पुसायचा. आईला एवढं तेल कधी मिळालं नाही.

ऐंशी फेऱ्यांची एक लड. रोज संध्याकाळी आई फाळक्यावर सूत गुंडाळून उभी राहायची, आणि मोजायचं काम माझं. मी आठ वर्षांची. आकड्यात माझं पोर चुकायचं नाही, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि मी खरंच चुकायची नाही. जो मोजतो त्याला मार बसत नाही, हे मला कुणी न शिकवता कळलं होतं. मी बोट फिरवत जायची, बाबा विचारायचे, किती? त्या संध्याकाळी शहात्तर भरले. आईने माझ्याकडे पाहिलं — विनवणी नाही, काही नाही, दुकानात तराजूचा काटा थांबायची वाट बघतात तेवढंच. ऐंशी म्हणायला काय पडत होतं? जीभ तीच, दात तेच. मी म्हटलं, शहात्तर.

मग त्यांनी तिचं मनगट धरून आऱ्यांमधून आत घातलं, मऊपणाने, बाळाचा हात बाहीत घालावा तसं. चार फेरे कमी, चार फेरे चाकाचे, असं म्हणाले आणि मूठ फिरवली. अर्ध्या फेऱ्यातच चाक अडलं. त्यांनी मुठीवर अंगाचा भार दिला... आधी आरा मोडला की आधी हाड, हे मला अजून ठरवता येत नाही, आवाज एकच आला, वाळक्या काटकीचा, आणि आईच्या तोंडून तो आलाच नाही. तिने पदर दातांत धरला होता. नंतर त्याच हाताने बाबांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. हुशार गं माझी. आणि मला — हे मी कुणाला सांगितलेलं नाही — मला बरं वाटलं.

"ताई, कुठे हरवलीस? बाईंना ती लड मोजून हवी आहे."

चरख्यासोबत आईची शेवटची लड आलेली होती. नोंदवहीत फेरे लिहायचे राहिले होते. "तुम्ही या कामातल्या," बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताने होऊ दे. पूर्ण लड आहे का, एवढंच."

सूत खरबरीत, मध्येच जाड, मध्येच केसासारखं. गिरणीत असं आलं असतं तर तिने ते लांबूनच परत फेकलं असतं. ती मोजत गेली, बोट आपोआप चालत राहिलं. एकाहत्तर. पुन्हा मोजायची गरज नव्हती, तिला कधीच नसते.

"किती?" धाकट्याने विचारलं. आवाज हुबेहूब तोच. किल्ल्या खुळखुळायच्या थांबल्या.

"ऐंशी," ती म्हणाली.

बाईंनी शाईने लिहिलं. चाळीस वर्षांनी जीभ वळली होती, आणि क्षणभर तिला वाटलं, कुठेतरी एक हात सुटला, आऱ्यांतून अलगद मागे आला...

"बघा!" धाकटा बाईंना सांगत होता. "आमच्याकडे माप कधी कमी भरलंच नाही. बाबांची शिस्तच तशी. पाटीवर तेही घालायचं का?"

"घाला की," बाई म्हणाल्या. "लोकांना असं वाचायला आवडतं."

पाटीचा मजकूर त्याने टाइप करून आणला होता. विम्याचे कागद भरून भरून त्याचा हात बसलेला. मोकळी जागा दिसली की तो भरतो. ‘वडिलांच्या स्मरणार्थ. पत्नीसाठी त्यांनी स्वहस्ते दुरुस्त केलेला हा चरखा.’ खाली दोन सह्या. एक झालेली. बाई शिक्का आणायला आतल्या खोलीत गेल्या.

"आई नळावर पडली नव्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

तो इतक्या सहज म्हणाला, की तिला वाटलं दुसरंच काहीतरी ऐकलं.

"दवाखान्यात असताना आईनेच सांगितलं. सगळं." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "तू किती सांगितलेस, तेही. मी कधी काढलं का ताई? नाही ना? मग बाबांचंही राहू दे. दोघांचं झाकलेलं बरं."

दोघांचं. तिचं आणि बाबांचं, एका पाटीखाली. त्याने हिशेब मिटवला होता, कुणाला न विचारता, आणि वर त्याला तो उपकार वाटत होता. आईने काय म्हणून सांगितलं असेल? रागाने? की नुसतंच, शहात्तर म्हणाली पोर, एवढंच... विचारावं. विचारलं तर तो सांगेल. तो काहीही सांगेल, मोकळी जागा दिसली की भरेल.

"हे बघ, खिळ्यांची टोकं मागून कशी वळवलीत," तो म्हणाला, आता मोठ्याने, बाईंना आत ऐकू जावं असं. आणि दाखवायला म्हणून त्याने हात आऱ्यांमधून आत घातला, कोपराच्या जरा अलीकडपर्यंत. बाही वर सरकली. मनगट रुंद, बाबांचंच. एकोणिसांनंतरच्या या विसाव्या चाकात तेही सहज जात होतं. मघाशी त्या एकतिसांत आपलंच चाक मोजायचं राहून गेलं होतं.

तिचा तळवा चाकाच्या मुठीवर होता. केव्हा ठेवला, कळलं नाही. डाव्या हाताच्या घामाने लाकूड तिथे काळं, गुळगुळीत झालेलं, तिच्या पकडीत नीट बसणारं. किती लागेल? अर्धा फेरा. मग अंगाचा भार. आतल्या खोलीत बाई शिक्का शोधत होत्या, खण उघडत होत्या, मिटत होत्या.

"सही करतेस ना?" तो म्हणाला, हात तसाच आत ठेवून, हसून — तिच्याकडे पाहत, काटा थांबायची वाट बघावी तसं.

ती मुठीकडे बघत राहिली. बोटं थरथरतील म्हणून वाट बघत राहिली. ती थरथरत नव्हती, एकही नाही.