जनरलसाहेबांची सैल टोपी

मित्रांनो, माझ्यावरची सोनेरी पानं पाहून हरखू नका, आतला घामाचा डागही बघा. मी एका फ्रेंच जनरलची जुनी टोपी आहे. पॅरिसमधल्या एका बाईंनी माझ्यावर जरीने ओकची पानं भरली, तेव्हा माझे मालक पुर्शेसाहेब तीन ताऱ्यांचे जनरल झाले होते. साधा लेफ्टनंट म्हणून सुरू झालेली नोकरी इथवर आली होती. मी संचलनं पाहिली, मंत्र्यांच्या शेजारी मिरवले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी भलतीच शिष्ट झाले होते.

तो शिष्टपणा एका दारात उतरला. आफ्रिकेच्या वाळवंटात साहेबांच्या हुकमावरून निघालेली गाडी सुरुंगावर गेली आणि त्यांच्याच गावचा तरुण जवान रेमी मेला. त्याच्या घरी ही बातमी सांगायला साहेब स्वतः गेले. मी त्यांच्या काखेत होते.

"टोपी बरी सांभाळून आणलीत," रेमीची आई मार्तीन म्हणाली. "आणि माझं पोरगं?"

दार बंद झालं.

पुढे साहेब निवृत्त होऊन गावी आले. मी कपाटात पडले, मला कसर लागली. मार्तीनबाई रस्त्यात साहेबांना पाहून तोंड फिरवत.

यंदा गावच्या हुतात्मा स्तंभावर रेमीचं नाव कोरलं. अकरा नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी सकाळी साहेबांनी मला घातलं, तर मी थेट त्यांच्या कानांवर घसरले. म्हातारपणी माणूस डोक्यातही आक्रसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"अहो, बोडक्यानंच जा की," त्यांची बायको ओडील हसली.

"बोडक्यानं सलाम करत नाहीत आपल्या फौजेत. आणि त्या पोराला सलाम केल्याशिवाय मी मरायचा नाही."

तिने वर्तमानपत्राची घडी माझ्या आतल्या पट्टीत कोंबली. "आता मान हलवू नका म्हणजे झालं!"

स्तंभापाशी महापौर एकेक नाव वाचत होते आणि प्रत्येक नावामागून गाव म्हणत होतं, "फ्रान्ससाठी प्राण दिला." रेमीचं नाव आलं. साहेबांनी हात उचलला आणि वाऱ्याने मला उडवलं. मी चिखलात पडले. साहेबांचा हात अर्ध्यावर थांबला. गुडघे धरलेले, वाकता येईना. मला रडू फुटलं, पण टोपीचं रडणं कुणाला ऐकू येतं?

मला उचललं मार्तीनबाईंनी. त्यांनी बाहीने चिखल पुसला, सुटलेली घडी पुन्हा नीट बसवली आणि मला साहेबांच्या डोक्यावर घट्ट दाबलं.

"करा आता," त्या म्हणाल्या. "वाट बघतोय तो."

मित्रांनो, घरातल्या जुन्या टोप्यांना अधूनमधून ऊन दाखवत जा. माझ्या पट्टीतली ती घडी मात्र कुणी काढू नका.