झाकणावरची लाल फीत

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. मित्रांनो, माझा निळा रंग आता उडाला आहे, एक कडी तुटली आहे आणि झाकणावर खरवडल्याची मोठी खूण आहे. त्या खुणेचीच गोष्ट मला सांगायची आहे.

आधी मी होंडुरासच्या किनाऱ्यावर एका कोळ्याकडे होते. पोटात मासे आणि अंगाला वास, असा माझा संसार. मग नेरेइदाने मला विकत घेतले. नेरेइदा इथलीच, गारिफुना लोकांतली, शहरात शिकून परतलेली. एचआयव्हीची लागण कशी रोखावी, हा तिच्या संशोधनाचा विषय. तपासणीचे रक्त बर्फात ठेवून शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचे आणि येताना औषधे आणायची, हे माझे काम झाले. लोक तपासणीला इतक्या उशिरा का येतात, हे ती गावोगाव विचारत फिरे.

लोकांनी मला लांबूनच ओळखावे म्हणून तिने माझ्या झाकणावर एचआयव्हीची खूण असलेली लाल फीत रंगवली. काय सांगू, मला केवढा अभिमान वाटला! होड्यांपाशी मला उघडून ती निरोध वाटत असे. तरणे कोळी मुद्दाम विचारत, "डॉक्टरीणबाई, माझ्या मापाचा आहे का?"

"माप सगळ्यांचं एकच असतं रे बाबा, बढाया तेवढ्या वेगळ्या," ती म्हणे, आणि सगळा किनारा हसे.

दामासिया तपासणीला आली तेव्हा ती गरोदर होती. नवरा जहाजावर कामाला. रक्तात एचआयव्ही निघाला. नेरेइदाने तिला धीर दिला. रोज औषध घेतलेस, बाळ जन्मताच त्यालाही औषध पाजलेस, तर ते बहुतेक सुखरूप राहील, असे समजावले. दामासिया मन लावून औषध घेऊ लागली. दर महिन्याला मी तिच्या दारात जाऊ लागले.

तिथेच घात झाला. मी ज्या घरात शिरे, त्या घराकडे गाव बघू लागले. "आज लाल फीत कुणाकडे पाहुणी?" बायका एकमेकींना विचारत.

आमच्या गावात कसावाचा कंद बायका एकत्र बसून किसतात, गाणी म्हणतात, आणि एकाच मोठ्या लोखंडी तव्यावर सगळ्यांच्या भाकऱ्या होतात. त्या तव्याची मालकीण बाल्बिना मावशी. तिने दामासियाला बोलावणेच बंद केले. भांडण नाही, शिवी नाही, फक्त हाक यायची थांबली. एकत्र खाण्याने हा आजार होत नाही, हे नेरेइदाने कितीदा सांगितले होते, आणि मावशीनेच सगळ्यांत आधी मान डोलावली होती.

पुढच्या खेपेस दामासिया दार अडवून उभी राहिली.

"ताई, तुझ्यावर राग नाही गं माझा. पण ही पेटी माझ्या दारात आणू नकोस."

"अगं, औषध तरी घे. बाळासाठी."

"बाळालाही याच गावात राहायचंय ना?" ती म्हणाली आणि तिने दार लावले.

नेरेइदा तिथेच माझ्यावर बसून रडली. ज्या प्रश्नाचे उत्तर ती गावोगाव शोधत होती, ते माझ्या झाकणावर तिच्याच हाताने रंगवलेले होते. ती पुन्हा पुन्हा गेली, रिकाम्या हातानेही गेली, पण दार उघडले नाही. दामासियाने घरातच मुलीला जन्म दिला. बाळासाठी आणलेली औषधाची छोटी बाटली माझ्या तळाशी तशीच पडून राहिली.

मुलगी पाच महिन्यांची असताना त्याच आजाराने दगावली. मृत्यूनंतर नवव्या रात्री होणाऱ्या जागराला रिवाजाप्रमाणे सगळे गाव आले. ढोल वाजले, कॉफी झाली. दामासियाने एकटीने भाकऱ्या भाजल्या होत्या. कुणी हात लावला नाही. "पोट जरा बिघडलंय, बाई," बाल्बिना मावशी म्हणाली. एकट्या नेरेइदाने भाकरी खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत ती खात राहिली.

सकाळी तिने सुरीने माझी फीत खरवडली. मला दुखले नाही, मित्रांनो, लाज मात्र वाटली.

आता मी गावातल्या प्रत्येक दाराशी थांबते. काही द्यायचे असो वा नसो, नेरेइदा मला आत नेते, झाकण उघडते, चार गोष्टी बोलते. कोणत्या घरात मी काय ठेवले, ते कुणाला कळत नाही. तपासणीला माणसे येऊ लागली आहेत. परवा बाल्बिना मावशीही आली आणि हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं." नेरेइदाने सांगितले नाही. मीही तिचा निकाल तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, आजारी माणसाला औषध द्या, पण त्याच्या दारावर खूण करू नका. त्याच्या हातची भाकरी खा.

दामासियाही आता औषध घेते. बाळाची ती बाटली अजून माझ्या तळाशी आहे. नेरेइदाला ती फेकवत नाही. दामासिया आपली औषधे काढून घेते, कलंडलेली बाटली नीट उभी करते आणि झाकण लावते.