निरोगी माणसाच्या पेशी

आमच्या लॅबची एक रीत आहे. पेशंटच्या पेशींशी ताडून बघायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात, आणि कातडीचा तुकडा काढून द्यायला बाहेरचं कोण कशाला येईल? मग घरातलंच कुणीतरी गळाला लागतं. मी धाकट्या बहिणीला धरून नेलं. "ताई, निरोगी असल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून दे हं," म्हणाली. तिची जीभ कधी गप्प बसली असेल तर शपथ.

आम्ही एकाच जनुकाच्या मागे हात धुऊन लागलोय. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आतल्या पडद्यात बसतं. पेशीने आपला कचरा आपणच खाऊन संपवावा आणि चरबीचा तोल राहावा, हे त्याचं काम. जनुक बिघडलं की कचरा तुंबतो, चरबीचे थेंब साठतात, आणि हळूहळू माणसाचे पाय जातात. औषध नाही.

पेशी उपाशी ठेवल्या की खरं काय ते कळतं. निरोगी पेशी साठवलेलं खाऊन तग धरते, आजारी पेशीत थेंब तसेच राहतात. त्या दिवशी मी मायक्रोस्कोपखाली पेशंटची प्लेट पाहिली, थेंबच थेंब. मग बहिणीची पाहिली. तीही तशीच.

"दोन्हीकडे पेशंटच्याच पेशी घातल्यास तू," सर म्हणाले. एरवी असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी मनात म्हटलं, देवा, चूक माझीच निघू दे, मला महामूर्ख ठरव. पुन्हा सगळं केलं. मग सरांनी स्वतःच्या हाताने केलं. थेंब होतेच.

"या निरोगी पेशी कुणाच्या?" सरांनी विचारलं. मी सांगितलं.

तशीच बहिणीकडे गेले. राग राग होत होता, त्या रीतीचा आणि माझाही. ती आणि भाची फरशीवर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"काय गं, पास झाले ना मी?" म्हणत बहीण उठायला लागली. आधी हात फरशीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत. आमचे पेशंट अगदी असेच उठतात, आणि मी इतकी वर्षं याला तिचा आळस समजत होते.

"बस जरा. सांगायचंय," मी म्हणाले.

तेवढ्यात मला पाणी आणायला भाची उठली. हात फरशीवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर.

"हिनेही माझीच खोड उचललीय बघ," बहीण हसली. "बोल, काय म्हणत होतीस?"